चुकवून दाखवणाऱ्या आपा

आपांच्या ओढणीला किल्ल्यांचा जुडगा बांधलेला असे. चांगल्या अकरा किल्ल्या. आणि आमच्या मदरशात कुलूप होतं एकच, तेही शिध्याच्या खोलीला, आणि त्याची किल्ली स्वयंपाकघरातल्या खालांकडे, म्हणजे मावशींकडे. मग या अकरा किल्ल्या कुठल्या, हे मला फार उशिरा कळलं. पण उपयोग पहिल्याच आठवड्यात कळला. आपा जिना चढण्याआधी खाली उभ्या राहून तो जुडगा खळखळ वाजवायच्या. वरच्या खोलीत कोणी लपवून आणलेली शेव खात असे, कोणी दुसरीचे कपडे घालून आरशासमोर नटत असे, कोणी नमाज बुडवून लोळत असे. किल्ल्या वाजल्या की सगळं जागच्या जागी. आपा वर येऊन बघायच्या, तर तीस मुली पुस्तकात डोकं घालून बसलेल्या. "माशाल्लाह" म्हणून त्या उतरून जायच्या. मी एकदा धीर करून म्हटलं की आपा, न वाजवता आलात तर सगळ्या सापडतील. तर म्हणाल्या, सापडल्यावर काय करू, लोणचं घालू का तुमचं? घाबरून आवरता ना, तेवढं पुरे.

मी आता नाशिकला एका शाळेत गणित शिकवते. हे माझ्या जुन्या मैत्रिणींना सांगितलं की त्या आधी हसतात आणि मग खरं सांग म्हणतात. मालेगावात मुलींचा एक निवासी मदरसा आहे, तिथे मी तीन वर्षं राहिले. आपा तिथल्या वसतिगृहाच्या निगराण होत्या, म्हणजे आमचं उठणं-बसणं, जेवणखाण, तापखोकला, उवा, रडारड, सगळं त्यांच्याकडे. त्यांना नाव असेलच कागदोपत्री. आम्ही कधी घेतलं नाही, आता मी कशाला घेऊ?

मी मूळची नामपूरची. अब्बा कांदा मार्केटात बारदान शिवायचे, म्हणजे फाटक्या गोण्यांना टाके घालून पुन्हा कांदा भरण्याजोग्या करायचे. घरी आम्ही मराठीच बोलायचो, आणि तीही अहिराणीत बुडवून काढलेली. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. अम्मीला वाटे, घरात एक तरी आलिमा व्हावी, धर्माचं नीट शिकलेली. दोघी मोठ्या बहिणींची लग्नं झाली होती, उरले मी. म्हणून अब्बा मला एका दुपारी मालेगावला घेऊन आले, ऑफिसात सही केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता गेले. मागे बघितलं असतं तर मला घेऊनच गेले असते, असं ते पुढे म्हणायचे. मी त्यांच्यावर दोन महिने रागावलेली होते.

तर मी ट्रंकेवर बसून रडत होते, तेव्हा आपा आल्या. नाव विचारलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुन्हा विचारलं, तरी तेच. बाजूच्या मुली खुसखुसायला लागल्या. मग आपा खाली बसल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "खरं नको सांगू. चुकीचं सांग."

मी म्हटलं, "सकीना."

"सकीना? तोंडावरनं तर वाटत नाय."

मला रागच आला. मी माझं खरं नाव मोठ्यानं सांगून टाकलं, वर वडिलांचं, वर गावाचं. आपांनी मान हलवली आणि मला कोपऱ्यातली गादी दाखवली. त्या मूळच्या चांदवडच्या निघाल्या. शिकवायला उर्दू, दुवा मागायला अरबी आणि रागवायला मराठी, अशी त्यांची वाटणी होती. माझ्या वाट्याला बहुतेक रागावणंच यायचं, त्यामुळे त्यांच्याशी भाषेची अडचण अशी मला कधी पडली नाही.

मदरशाच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसरात्र खटखट, खटखट. पहिले आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, नंतर ती खटखट असली तरच झोप यायला लागली. पंचाईत व्हायची शुक्रवारी. त्या दिवशी माग बंद. दुपारी लहान मुलींना झोपवायचं तर त्या टक्क जाग्या, किरकिर चालू. मग आपा दाराशी बसून रिकाम्या तेलाच्या डब्यावर पळी आपटायच्या. अर्धा अर्धा तास, एका लयीत. मुली झोपायच्या. शेजारची बाई एकदा भांडायला आली की शुक्रवारी तरी कानाला आराम द्या. आपांनी तिला आत बोलावलं, झोपलेल्या मुली दाखवल्या आणि पळी तिच्या हातात दिली. ती बाई मग दर शुक्रवारी यायची.

आमच्याकडे एक मांजर होतं. आपा त्याला "आप" म्हणायच्या. आप दूध लेंगे? आप बाहेर जाएंगे? आणि आम्हाला सगळ्यांना "तू". आमच्यातल्या एकीनं विचारलंच, की मांजराला आप आणि आम्हाला तू का? तर म्हणाल्या, ते ऐकतं.

आमच्या घरच्यांचा फोन यायचा आपांच्याच मोबाइलवर, शुक्रवारी, स्पीकर लावून. आपा हातात फोन धरून मध्ये बसायच्या आणि दोन्हीकडून बोलायच्या. माझी अम्मी विचारायची, जेवतेस का? मी तोंड उघडायच्या आत आपा सांगायच्या, तीन भाकरी खाते, चौथी लपवते. अब्बांना मात्र आपांची भीती वाटायची. "कशी शे तू, पोरी?" एवढं विचारून ते गप्प व्हायचे, आणि मग दोन मिनिटं नुसता मार्केटातला गोंगाट ऐकू यायचा. मला तो गोंगाट फार आवडायचा. आपा तेवढा वेळ काही बोलायच्या नाहीत, हे मला आता आठवतं.

दर गुरुवारी आमची अंजुमन भरायची, म्हणजे मुलींनी उभं राहून भाषण करायचं. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि राहिलेच. माझी उर्दू ऐकून मुली हसायच्या, म्हणून तोंड उघडायची सोय नाही. तीन मिनिटं झाली. आपा मागे सगळ्यात लहान मुलींबरोबर बसलेल्या. तिथून म्हणाल्या, ही मुलगी चांगलं गप्प राहते, आता हिला जितकं चुकीचं बोलता येईल तितकं बोलू द्या, बघू किती येतं. आता चुकीचंच बोलायचं ठरल्यावर मला कोण अडवणार? मी उर्दू, मराठी, अहिराणी एकत्र कालवून गोण्या कशा शिवतात यावर बोलत सुटले. सुई कशी, सुतळी कशी, कांद्याची गोणी आणि मक्याची गोणी यात फरक काय. मुली हसल्या, पण या वेळी माझ्याबरोबर. सगळं संपल्यावर आपांनी एकेका मुलीला उठवलं आणि मी कुठला शब्द कुठे चुकले ते सांगायला लावलं. त्यांना निम्मे सापडले नाहीत, कारण त्यांनाही ते येत नव्हते.

हीच त्यांची रीत होती. कोणी मुलगी "मुझसे नहीं होगा" म्हणाली की आपा समजूत घालत नसत, धीर देत नसत. "तो गलत करके दिखा," म्हणायच्या. मला मराठीत, "बरं. मग चुकवून दाखव." पोळी लाटता येत नाही? वाकडी लाटून दाखव. कुराणातली ही आयत पाठ होत नाही? अडखळत येईल तेवढी म्हण. चुकीचं करायला कोण घाबरतं? आणि चुकवायला बसलं की थोड्या वेळानं आपल्यालाच राहवत नाही, हात बरोबर करायला लागतो. हे शिक्षणशास्त्र वगैरे मला बी.एड.ला शिकवलं, मोठमोठ्या शब्दांत. मी पहिल्या बाकावर बसून जांभया देत होते.

एक सांगायचं राहिलं. आपा कधी कौतुक करत नसत. कितीही चांगलं केलं तरी "हूं." त्याच्या वर एकच पायरी होती, "चलेगा." मला तीन वर्षांत ते दोनदा मिळालं. दोन्ही वेळा का, ते सांगते.

आमच्याकडे आलिमाच्या अभ्यासाबरोबर दुनियेचे विषयही शिकवायचे, पण जरा सावत्रासारखे. मोठ्या मुलींना बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचं, असं त्या वर्षी प्रथम ठरत होतं. आम्ही पाच जणी होतो. गणित शिकवायला मालेगावातल्याच एक तरुण बाजी, म्हणजे ताई, यायच्या. आमची वही दोन तोंडांची असे. उजवीकडून उघडली की अरबी व्याकरण, डावीकडून उघडली की गणित. दोन्ही विषय दोन टोकांकडून निघून मध्यावर भेटायचे. यात एक चूक ठरलेली. वर्षानुवर्षं हात उजवीकडून डावीकडे चालायला शिकलेला, त्यामुळे नवी मुलगी गणितही उजवीकडून लिहायला लागायची. सात वजा बारा म्हटलं की आधी उजव्या कडेला सात, मग त्याच्या डावीला वजा, मग त्याच्या डावीला बारा. वाचणाऱ्याला दिसायचं बारा वजा सात. पहिल्या महिन्यात प्रत्येकीकडून व्हायची ही चूक. नाशिकच्या माझ्या वर्गात कोणी असं चुकत नाही, आणि कधीकधी मला त्याचं वाईट वाटतं.

बाजींचं लग्न ठरलं आणि त्या धुळ्याला गेल्या. दुसरी गणिताची बाई मिळेना. मदरशाचे नाझिमसाहेब, म्हणजे सगळा कारभार बघणारे, सुताचे व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता, पण हिशोबाला पक्का. ते म्हणाले, शिकवायला कोणी नाही, मुली नापास झाल्या तर मदरशाचं हसं होईल, राहू द्या दहावी. आपांनी पडद्याआडून सांगितलं, गणित मी घेते. मग नाझिमसाहेबांनी अट घातली. फॉर्म भरायच्या आधी ते स्वतः पाचही जणींची गणिताची परीक्षा घेणार. एक जरी अडली तरी कोणाचाच फॉर्म भरायचा नाही.

त्याच शुक्रवारी फोनवर अम्मी म्हणाली की दहावी होणार नसेल तर तू घरी ये. मावशीच्या दिराचं स्थळ आहे, मुलगा टेम्पो चालवतो, स्वभावानं चांगला आहे. असेलही. पण मी सोळा वर्षांची होते आणि मला टेम्पोवाल्याशी लग्न करायचं नव्हतं. कोणाशीच करायचं नव्हतं. आणि पाचांमध्ये गणितात सगळ्यात ढ कोण, तर मी. बाकीच्या चौघी मला काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्रीपासून माझ्या ताटात भाजी जरा जास्त पडायला लागली.

आपांचा गणिताचा पहिला तास. त्या आल्या, फळ्याकडे पाठ करून आमच्यातच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मेरे को नहीं आता. तुम समझाओ."

आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. आपांची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. मदरशात जुनी चाल आहे, मुजाकरा म्हणतात. धडा झाला की मुलींनी गोल करून बसायचं आणि एकीनं तो बाकीच्यांना पुन्हा शिकवायचा. हदीसचा, व्याकरणाचा मुजाकरा आम्ही रोज करायचो. गणिताचा कोणी केला नव्हता. आपांनी तो चालू केला. फरक एवढाच की धडा झालेलाच नसायचा. पुस्तक मध्ये ठेवायचं, एकीनं वाचायचं, दुसरीनं समजवायचं, आणि आपांनी डोकं खायचं. उत्तरं पुस्तकाच्या मागे छापलेली असतात, तर ती पानं आपांनी सेफ्टी पिनेनं बंद करून टाकली. पहिले झगड़ो, म्हणायच्या, बाद में देखेंगे.

आणि काय विचारायच्या त्या! शून्यापेक्षा कमी म्हणजे काय? ताटात भाकरी नाही हे समजलं, पण नसण्याहून कमी भाकरी कशी असेल? x म्हणजे काय ते माहीत नाही, तर त्याला दोन्ही बाजूंनी भागता कसं, ओळखपाळख नसताना? आम्ही खूप हसायचो आणि मग अडकायचो, कारण उत्तर आम्हालाही यायचं नाही. आपा काय सुंदर सोंग घेतात, असं आम्ही रात्री अंथरुणात म्हणायचो. सगळं येत असून इतकं बावळट विचारायचं म्हणजे कमालच.

सगळ्यात गाजलं ते वजा गुणिले वजा. पुस्तकात लिहिलंय, उत्तर अधिक येतं. आपा ऐकेचनात. दोनदा नाही म्हटल्यावर हो कसं होईल? मी सासरी तीन-तीनदा नाही म्हणायचे, कोणाला हो ऐकू आलं नाही. तीन दिवस भांडण चाललं. जेवताना, कपडे धुताना, नमाजाआधी हातपाय धुतो त्या वजूच्या नळावर. नियम आहे, असं एक मुलगी म्हणाली, तर आपांनी तिला विचारलं की कोणी केला, भेटायचंय त्याला. चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते आणि मला अब्बांच्या गोण्या आठवल्या. मी ओल्या हातानंच आपांकडे धावले. म्हटलं, आपा, समजा रोज तीन गोण्या विकल्या जातात. म्हणजे ढिगातून रोज वजा तीन. दोन दिवस पुढे गेलं तर सहा गोण्या कमी. पण दोन दिवस मागे गेलं तर? परवा ढिगात किती होत्या? आजच्यापेक्षा सहा जास्त. मागे जाणं म्हणजे वजा दोन, विकणं म्हणजे वजा तीन. आलं ना अधिक सहा?

आपा बराच वेळ दोरीवरच्या सलवारीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांनाही आनंद झाल्याचं सोंग किती छान जमतं. "चलेगा," म्हणाल्या. हे पहिलं.

चार महिने असे गेले. त्या चार महिन्यांत आपांनी फळ्यावर एक अंक लिहिला नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ऑफिसच्या दारात पडदा सोडलेला. पलीकडे नाझिमसाहेब, अलीकडे आम्ही पाच जणी, आपा आणि एक पाटी. साहेब तोंडी गणित सांगणार, मुलीनं पाटीवर करायचं, कसं केलं ते मोठ्यानं सांगायचं आणि पाटी पडद्याखालून सरकवायची. चौघींनी केलं. एकीची गाडी जरा घसरली पण सावरली. मग मी.

साहेब म्हणाले, सात वजा बारा, आणि जे येईल त्याची तिप्पट करा. हे मी झोपेत करू शकत होते. पण ट्रंकेवर बसले होते त्या दिवशी जसं झालं, तसंच झालं. खडू पाटीवर टेकवला आणि तो तिथेच राहिला. डोळ्यासमोर टेम्पो. पडद्याआडून साहेब खाकरले. पुन्हा खाकरले. मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आपा, या मुलीचं काही खरं दिसत नाही. तुम्ही कसं शिकवलंत ते तरी बघू द्या, तुम्हीच करा हे गणित.

आपांनी माझ्या हातातून पाटी घेतली. अजिबात घाबरल्या नाहीत. उलट, कधीची वाट बघत असल्यासारख्या नीट मांडी घालून बसल्या आणि लिहायला लागल्या. पाटीच्या उजव्या कडेला सात. त्याच्या डावीला वजा. त्याच्या डावीला बारा. मग तेच डोळ्यांनी वाचलं बारा वजा सात, आणि खाली पाच लिहिले. पाच त्रिक पंधरा. खडू खाली ठेवला आणि पडद्याखालून सरकवायला पाटी माझ्याकडे दिली. माझ्याकडे बघून एवढीशी मान हलवली. बघ, जमलं, असं.

ते सोंग नव्हतं. कधीच नव्हतं. त्यांना खरोखर येत नव्हतं, आणि चार महिने आमच्यात बसून शिकलेलं पहिलं गणित त्यांनी आज सोडवलं होतं, आणि त्या खूष होत्या. ही पाटी पलीकडे गेली की संपलं. शिकवणारीलाच येत नाही म्हटल्यावर आमचे फॉर्म तर जाणारच, आपाही कुठे जातील कोण जाणे. साहेब म्हणाले, पाटी द्या इकडे.

माझा आवाज मला ऐकू आला तेव्हा तो बराच मोठा होता. "साहेब, आपांनी हे चुकवून दाखवलंय. आमच्याकडे असंच शिकवतात. त्या चुकतात आणि चूक आम्ही पकडायची."

मी आपांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. मी सांगत गेले. चूक अशी की उर्दूच्या सवयीनं गणित उजवीकडून लिहिलंय, म्हणून सातातून बारा जायच्या ऐवजी बारातून सात गेले. आमच्यातल्या प्रत्येकीची पहिली चूक हीच असते. बरोबर लिहिलं तर सात वजा बारा, उणे पाच. त्याची तिप्पट उणे पंधरा. सात गोण्या आहेत आणि गिऱ्हाईक बारा मागतंय, तर पाच गोण्या देणं लागतो. असं तीन गिऱ्हाइकांशी झालं तर पंधरा देणं. मी पाटीवर खाली बरोबर उत्तर लिहिलं आणि चुकीचं न पुसता पाटी सरकवून दिली.

पलीकडून साहेबांच्या हसण्याचा आवाज आला. म्हणाले, ही पद्धत चांगली आहे, माझ्या मुनीमाला पण लावायला हवी. फॉर्म भरा.

बाकीच्या चौघी नाचत वर गेल्या. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाल्यावर मी आपांना शोधलं, तर त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेल्या. किल्ल्या मुठीत धरलेल्या, वाजत नव्हत्या. मी खालच्या पायरीवर बसले.

"खोटं बोललीस तू," आपा म्हणाल्या. मराठीत. म्हणजे रागावल्या होत्या.

"चूक तर खरी होती ना, आपा."

त्यांनी विचार केला. "चलेगा," म्हणाल्या. हे दुसरं.

मग म्हणाल्या, पंधराच येतात ना पण? मी म्हटलं, उणे पंधरा. त्यांनी हवेत बोटानं डावीकडून उजवीकडे लिहून बघितलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. चांदवडला पाचवीपर्यंत शिकल्या. लवकर लग्न झालं, दोन वर्षांत परत आल्या, मग इथे. बाजी गेल्या तेव्हा वर्ग बंद पडला असता आणि पाच मुली पाच घरी गेल्या असत्या, म्हणून त्या घेते म्हणाल्या. पुढे काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला एकदम फार अपराधी वाटलं. मी म्हटलं, आम्हाला वाटायचं तुम्ही मुद्दाम येत नाही म्हणता.

"मी तर पहिल्या दिवसापासून खरंच सांगत व्हते. तुम्हीच कोणी मानलं नाय."

मला रडू यायला लागलं म्हणून मी विषय बदलला, या किल्ल्या कुठल्या आहेत विचारलं. म्हणाल्या, सासरच्या कपाटांच्या. निघताना ओढणीला तशाच राहिल्या, परत द्यायचं मनात आलं नाही. त्यांना अकरा कुलपं तोडावी लागली असतील, असं म्हणून त्या इतक्या हसल्या की वरून मुली डोकावल्या.

मी म्हटलं, आपा, तुम्ही पण फॉर्म भरा की. त्या एकदम गंभीर झाल्या. वय झालं, हात उजवीकडून चालतो, मुली काय म्हणतील. मग सगळ्या मुली म्हणतात तेच म्हणाल्या, "माझ्याच्यानं नाय व्हणार."

"बरं," मी म्हटलं. "मग चुकवून दाखवा."

त्यांनी पायातली चप्पल काढली. मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाले.

आम्ही पाचही जणी पास झालो. मी पुढे नाशिकला आले, टेम्पोवाल्याचं लग्न दुसरीशी झालं, त्याचं बरं चाललंय. आपांनी दोन वर्षं नुसता विचार केला आणि मग फॉर्म भरला. पहिल्या झटक्यात सगळे विषय सुटले, गणित सोडून. मग गणिताला बसतच राहिल्या. मुली रोज मगरिबनंतर, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजनंतर, त्यांना गोल करून बसवायच्या आणि त्या मुलींचं डोकं खायच्या. प्रत्येक निकालाला मला फोन यायचा. या खेपेला चांगलं चुकवलं गं, एकवीस. या खेपेला सव्वीस. एकदा उतरून एकोणीस झाले, तेव्हा तीन दिवस फोन आला नाही आणि मीच केला. सगळ्या मदरशाला माहीत होतं की आपा गणितात नापास होतात. तिथल्या कुठल्या मुलीला आता नापास व्हायची भीती वाटत नाही, आणि त्यामुळे फारशा होतही नाहीत.

यंदा निकालाच्या दिवशी मी शाळेत पेपर तपासत होते. फोन वाजला. नेहमीसारखा स्पीकरवर लावलेला, मागे मागांची खटखट. सलाम झाला आणि मग आपा गप्प. मी किती म्हणून विचारलं, तरी गप्प. मला एकदम भीती वाटली. मी म्हटलं, आपा, खरं नका सांगू, चुकीचं सांगा.

"नव्वद," त्या म्हणाल्या. आवाज फुटत होता. "खरे पस्तीस."

पस्तीस म्हणजे काठावर पास. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, समोरच्या पेपरवर पडलं, कोणाचं तरी प्रमेय ओलं झालं. पलीकडे आपा थांबून राहिल्या होत्या. मी काहीतरी म्हणावं याची वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. मी नाक पुसलं, आवाज सरळ केला आणि म्हटलं, "चलेगा."

पलीकडे दोन क्षण नुसते माग वाजत राहिले.

"लय शाणी झाली का तू?" आपा कडाडल्या, आणि त्यांच्या मागे फोनला कान लावून बसलेल्या सगळ्या मुली एकदम हसल्या.